पहिलं कुत्रं काय शिकवून जातं?

मंडळी, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण पहिलं कुत्रं गेल्यावर दुसरं पिल्लू आणायची वेळ येते, तेव्हा ही म्हण जरा बाजूला ठेवावी. वाकडेपणा पुष्कळदा आपल्या पद्धतीत असतो, आणि तोच नव्या पिल्लाच्या वाट्याला जातो.

म्हणून पहिल्याच्या अनुभवाचे दोन भाग करू. काही गोष्टी कुठल्याही कुत्र्याला लागू पडतात. काही फक्त त्या एका कुत्र्याच्या स्वभावाच्या असतात. पहिल्या जपून ठेवायच्या, दुसऱ्या सोडून द्यायच्या. घरोघरी होतं नेमकं उलट! ‘आमचा मोत्या असं कधी करत नव्हता’ हे वाक्य राहतं, आणि मोत्या कशानं गेला ते विसरलं जातं.

सुरुवात तिथूनच करू. पहिलं पिल्लू रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन गेलं असेल, तर पार्व्होची शंका घ्यावी. हा विषाणू मोठा चिवट. सावलीतल्या ओल्या मातीत तो कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो. साध्या फिनाइलनं तो मरेलच असं नाही. फरशी आणि भांडी आधी घासून, मग ब्लीचिंगच्या द्रावणानं धुवावीत. अंगणातली माती मात्र अशी धुता येत नाही. तेव्हा जुन्याच जागी, जुन्याच गोणपाटावर लगेच नवं पिल्लू आणून बांधू नये. थांबावं, नाहीतर लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणावं.

लसींचा हिशेब सोपा आहे. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. एक टोचली म्हणजे झालं, असं नसतं. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवणीवर सोडू नका.

दुसरा धडा माणसांच्या सवयीचा. आपण कपिलधारला बसलो आहोत, तर इथलंच बघा. पावसाळ्यात धबधब्यासाठी माणसं येतात, कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेची गर्दी होते, एरवी बालाघाटच्या या डोंगरात बरीच शांतता. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात जे आवाज, जी माणसं त्याच्या ओळखीची होतात, त्यांची भीती त्याला पुढे कमी वाटते. समजा हे दिवस शेतावर साखळीला बांधून गेले, तर मोठेपणी पहिली गर्दी दिसताच ते घाबरणार. घाबरलेलं कुत्रंच बहुधा चावतं. मग आपण म्हणतो, जातच खोडील!

इथे एक पेच आहे. लसी पूर्ण व्हायच्या आत माणसं दाखवायची, पण मोकाट कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू सोडायचं नाही. मग काय करायचं? उचलून न्यायचं. कडेवर घ्या, टोपलीत ठेवा, लांबून ढोल ऐकू द्या. भ्यायलं तर मागे फिरा, जबरदस्ती नको.

एवढं करूनही कुत्रं कुणाला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याची लस म्हणजे घरातल्या पोरांचीही राखण.

आता सोडून द्यायचं ते. पहिलं शांत होतं म्हणून दुसरं शांत असेलच, असं नाही. पहिलं दोन दिवसांत शिकलं, दुसऱ्याला दोन महिने लागतील. मोत्याचंच नाव ठेवून मोत्याचीच अपेक्षा केली, तर हे बिचारं रोज नापास होत राहतं.

तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरातल्यांनी एकदा बसावं आणि कागदावर तीन प्रश्न लिहावेत. पहिलं कशानं गेलं? कुठली लस चुकली? दिवसातले किती तास ते साखळीला होतं? उत्तरं खरी लिहिली, की नव्या पिल्लाची निम्मी तयारी झाली.