कार्बनबाजार नेमका कोणाचा?

हवामान परिषदेच्या बातम्या वाचताना आपण ‘पाश्चात्त्य देश’ म्हणून मोकळे होतो. जणू अमेरिका आणि युरोप घरूनच ठरवून येतात. गेल्या तीस वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही.

गैरसमज : कार्बनबाजार ही युरोपची कल्पना, अमेरिकेने ती नाकारली.

वस्तुस्थिती : ती रुळली अमेरिकेत. आम्लपावसाला आवर घालण्यासाठी तिथे १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली. ज्याने कमी वायू सोडला, त्याने उरलेला परवाना विकायचा. कार्बनबाजारात हेच कार्बनसाठी होते. १९९७ मध्ये क्योटो हवामान करारातही ही तरतूद हवी म्हणून अमेरिकाच अडून बसली, आणि युरोपला ती पळवाट वाटत होती! पुढे २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या काळात अमेरिकेने क्योटोकडे पाठ फिरवली. युरोपने मात्र तीच पद्धत उचलून २००५ मध्ये आपला बाजार सुरू केला. अमेरिकेत देशपातळीवर तो आजही नाही. कॅलिफोर्निया आणि ईशान्येकडची काही राज्ये आपापला चालवतात.

गैरसमज : क्योटो बुडवला तो एकट्या बुश यांनी.

वस्तुस्थिती : क्योटोच्या काही महिने आधीच अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावले होते, की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला नको. क्लिंटन सरकारने सही केली, पण करार सिनेटपुढे नेलाच नाही. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात देशांची उद्दिष्टे कायद्याने बंधनकारक नाहीत, त्यामागे हीच सिनेट आहे. युरोपला बंधन हवे होते. त्याने ते सोडले. सहकार्य म्हणतात ते बहुतेक वेळा असेच असते.

गैरसमज : अमेरिका पॅरिस करार सोडते, तेव्हा सगळेच थांबते.

वस्तुस्थिती : २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोप या दोघांनी मिळून मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा पुढे आणली, शंभराहून अधिक देश तिच्यात आले, भारत आला नाही. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पॅरिसमधून पुन्हा माघारीचा आदेश काढला. तरी युरोपचा २०२४ चा मिथेन कायदा आयात नैसर्गिक वायूलाही लागू आहे, आणि युरोपला द्रवरूप वायू सर्वांत जास्त अमेरिकाच विकते.

गैरसमज : भारताविरुद्ध हे दोघे नेहमी एकत्र.

वस्तुस्थिती : २०१२ मध्ये युरोपने परदेशी विमानांनाही आपल्या कार्बनबाजारात ओढले, तेव्हा भारत, चीन, रशिया आणि अमेरिका एका बाजूला होते. आपल्या विमान कंपन्यांना त्यातून बाहेर ठेवण्याची मुभा देणाऱ्या कायद्यावर ओबामांनी नोव्हेंबरात सही केली. त्याच महिन्यात युरोपने माघार घेतली. आजही त्या बाजारात मुख्यतः युरोपातल्या युरोपात होणारी उड्डाणेच मोजली जातात.