एकाच दिवशी दोन रॉजर टेलर

13 जुलै 1985. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये रॉजर टेलर ड्रम बडवत होता. त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात, पार समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातही रॉजर टेलर ड्रम बडवत होता! ‘लाइव्ह एड’ नावाचा हा कार्यक्रम दोन्ही शहरांत मिळून झाला होता.

हात्तिच्या, दोन वेगळी माणसं असणार, म्हणाल तुम्ही. बरोबर. एक ‘क्वीन’ बँडचा, दुसरा ‘ड्युरान ड्युरान’चा. दोघेही इंग्लंडचेच. पण थांबा! त्याच दिवशी गायक फिल कॉलिन्स वेम्बलीत गायला, काँकॉर्ड विमानात बसला आणि फिलाडेल्फियात जाऊन पुन्हा गायला. तो मात्र एकच होता. आता लाखो गाण्यांची यादी सांभाळणाऱ्या बिचाऱ्या संगणकाने काय समजायचं? त्याला दिसतात फक्त अक्षरं.

बरं, सोबत कोण वाजवतंय ते बघू या? तिथे बिल एव्हान्स आडवा येतो. माइल्स डेव्हिस या मोठ्या ट्रम्पेटवादकाच्या 1959च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीवर बिल एव्हान्सने पियानो वाजवला. पुढे 1980च्या दशकात त्याच डेव्हिसच्या बँडमध्ये बिल एव्हान्स सॅक्सोफोन वाजवू लागला. पियानोवाला एव्हान्स 1980 साली वारला. आणि ‘काइंड ऑफ ब्लू’ झाली तेव्हा सॅक्सोफोनवाला होता जेमतेम एक वर्षाचा!

म्हणजे सालावरून ओळखता येईल? येईल, पण जपून. जुनी गाणी नव्या सीडीवर पुन्हा पुन्हा निघतात आणि त्यांच्यावर नवीनच साल छापलेलं असतं. म्हणून गाणं बाजारात कधी आलं ते नाही, ध्वनिमुद्रण कधी झालं ते शोधावं लागतं. ही खरी गुप्तहेरगिरी!

‘म्युझिकब्रेन्झ’ नावाची एक संगीतसूची आहे. जगभरातले हौशी लोक ती भरतात. तिथे प्रत्येक कलाकाराला स्वतःचा क्रमांक मिळतो. अंक, इंग्रजी अक्षरं आणि मधल्या आडव्या रेघा धरून 36 चिन्हांचा! संगणक नाव बघतच नाही, क्रमांक बघतो. आपल्याला कुठला एवढा पाठ व्हायला! म्हणून माणसांसाठी नावाशेजारी छोटीशी ओळख लिहितात. एव्हान्सपुढे ‘पियानोवादक’ लिहिलं की भागतं. टेलरपुढे नुसतं ‘ड्रमवादक’ लिहून काय उपयोग? तिथे बँडचंच नाव हवं.

उलटा घोळही होतो बरं का. एका यादीत ‘भीमसेन जोशी’ आणि दुसरीत ‘पं. भीमसेन जोशी’ असलं, तर संगणक खुशाल दोन गायक मोजतो! कुणाच्या तरी ते लक्षात येतं, मग दोन्ही नोंदी एकत्र करतात. बाद झालेला क्रमांक मात्र पुसून टाकत नाहीत. कुणी तो जुना क्रमांक टाकलाच, तर यादी त्याला मुकाट्याने योग्य नोंदीवर नेऊन सोडते.