दुबईला भावाकडे जाताय? आधी व्हिसा पाहा

कोकणातल्या पुष्कळ घरांतील एखादा भाऊ दुबईत असतो. तो सुतार, वेल्डर भावाला व्हिजिट व्हिसावर बोलावू शकतो. पण त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. रहिवासी व्हिसा बायको-मुले व आई-वडिलांसाठी काढता येतो, भावासाठी सहसा नाही. शिवणकाम जाणणारी बायको मात्र नवऱ्याच्या व्हिसावर राहून, मालकाने परवाना काढल्यास काम करू शकते.

कारागिरासाठी रुळलेला मार्ग म्हणजे तिथल्या मालकाने काढलेला कामाचा परवाना. २०२१ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. तेव्हा व्हिसाच्या पैशांसाठी दागिने गहाण टाकू नका. पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असल्यास निघण्यापूर्वी एमिग्रेशन क्लिअरन्स घ्या. करारातील पगार व काम वाचूनच सही करा.