दूरशिक्षणाचे नियम (लेखांक तिसरा) : हजेरीची सूट, तारखेची नाही

मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग 1971 साली सुरू झाला. पुढे तो ‘आयडॉल’ या नावाने ओळखला गेला आणि आता दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र म्हणून कालिन्याच्या विद्यानगरीतून चालतो. आपल्या कांजूरमार्गहून तिथे जायचे तर चौथ्या स्थानकावर, कुर्ल्याला, उतरून बस किंवा रिक्षा धरावी लागते. उलट्या दिशेला तिसरे स्थानक मुलुंड. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, मुंबईचे प्रादेशिक केंद्र तिथे स्थानकासमोर अनेक वर्षे होते. तिसरा पर्याय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. त्याची स्थापना 1989 ची आणि पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. तिन्ही संस्थांचे स्वतःचे नियम वेगवेगळे आहेत, पण पाया एकच आहे : विद्यापीठ अनुदान आयोगाची सप्टेंबर 2020 ची मुक्त, दूर व ऑनलाइन शिक्षण नियमावली.

या नियमावलीतला पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा मान्यतेचा. विद्यापीठ जुने आणि नावाजलेले आहे, एवढ्यावर दूरशिक्षणाचा प्रवेश वैध ठरत नाही. त्या सत्रासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी आयोगाची मान्यता लागते. हे मुंबईकरांनी 2018 मध्ये अनुभवले. विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची मुदत 2017 मध्ये संपली होती. ऑगस्ट 2018 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांची यादी काढली, तेव्हा तीत आयडॉलचे नाव नव्हते. प्रवेशाच्या तोंडावर विद्यार्थ्यांची तारांबळ उडाली. मान्यता नंतर मिळाली आणि 2021 मध्ये विद्यापीठाला 3.65 गुणांकासह ‘ए प्लस प्लस’ श्रेणीही मिळाली. पण दीडशे वर्षांहून जुन्या विद्यापीठाचे नाव यादीतून गळू शकते, तर रेल्वे स्थानकाबाहेर ‘एका वर्षात पदवी’चे पत्रक वाटणाऱ्याबद्दल वेगळे काय सांगावे! नियमावलीनुसार दूरशिक्षणात फ्रँचायझी चालत नाही आणि तीन वर्षांची पदवी एका वर्षात उरकता येत नाही. राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्रे उघडण्याचीही मुभा नाही.

काही विषय तर दूरशिक्षणातून शिकवताच येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुकला, कायदा यांच्या पदव्या आणि पीएच.डी. त्यात मोडतात. नियम मोडला की नुकसान कोणाचे होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालात दिसते. चार अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर त्यात गदा आली. त्या पदव्यांवर नोकऱ्या मिळवलेल्यांपैकी काहींना पुन्हा परीक्षेला बसण्याची संधी दिली गेली आणि नंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. संस्थांची चूक, भुर्दंड विद्यार्थ्यांना.

प्रवेशाची सत्रे वर्षातून दोन, जुलै-ऑगस्टचे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे. 2024-25 पासून अर्जाआधी आयोगाच्या पोर्टलवर डेब आयडी, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढणे बंधनकारक झाले आहे. त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते हवे. दलालामार्फत भलत्याच संस्थेत नाव घातले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

हजेरीबाबत मात्र दूरशिक्षणाचा नियम खरोखर सैल आहे. नियमित महाविद्यालयात 75 टक्के उपस्थिती लागते. इथे संपर्कसत्रे असतात, पण नोकरी सोडून रोज वर्गात बसावे लागत नाही. म्हणून ‘घरबसल्या पदवी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. हिशोब मांडला की त्यातला ‘बसल्या’ किती लांबतो ते कळते. एका क्रेडिटला 30 तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट, म्हणजे 3,600 तास. वर्षाला 1,200 आणि दिवसाला, रविवार-दिवाळी धरून, सव्वातीन तासांच्या आसपास. कांजूरहून सकाळी धिम्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्याला हे सव्वातीन तास कुठून काढायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही.

विद्यार्थी अडकतो तो स्वाध्यायांत, ज्यांना सगळे असाइनमेंटच म्हणतात. इग्नूच्या पद्धतीत असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला 70 टक्के भार असतो. आयोगाच्या नियमातही अंतर्गत मूल्यमापनाची कमाल मर्यादा 30 टक्केच आहे. दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. पदवीला साधारणतः 35 टक्क्यांची अट धरली, तर असाइनमेंटमध्ये 80 आणि परीक्षेत 30 मिळवणाऱ्याची बेरीज 24 अधिक 21, म्हणजे 45 होते. तरीही तो नापास ठरतो. उलट परीक्षेत 60 मिळवून असाइनमेंट न देणाऱ्याचा निकाल ‘अपूर्ण’ राहतो आणि गुणपत्रिका निघत नाही.

असाइनमेंटच्या पहिल्या पानाचीही एक शिस्त आहे. नावनोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा आणि विषयाचा संकेतांक, अभ्यासकेंद्राचा क्रमांक, सही, तारीख एवढे त्यावर लागते. उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहायची. प्रश्नसंच बदलत राहतो, त्यामुळे मित्राकडून मागच्या वर्षीचा संच घेऊन रात्र जागवली तर ती मेहनत वाया जाते. असाइनमेंटची आणि परीक्षा अर्जाची मुदत जून व डिसेंबरच्या परीक्षांच्या बरीच आधी संपते. महाविद्यालयात केटी लागलेल्याला फलकावरची सूचना दिसते, कोणी ना कोणी हटकतेच. इथे तारीख स्वतःच लक्षात ठेवावी लागते. शिक्षण अर्धवट सुटण्यामागे अवघड विषयापेक्षा चुकलेल्या तारखेचा हात मोठा असावा.

कालमर्यादा त्या मानाने उदार आहे. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार वर्षांत पूर्ण करता येते. एप्रिल 2022 पासून एका वेळी दोन पदव्या घेण्यासही आयोगाची परवानगी आहे. एक नियमित आणि दुसरी दूरशिक्षणाची, किंवा दोन्ही दूर वा ऑनलाइन. शिवाय ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचावरील अभ्यासक्रमांतून 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवण्याची तरतूद 2021 च्या नियमांत आहे. विद्यापीठाने ती स्वीकारलेली असावी एवढीच अट. कांजूरमार्ग स्थानकाजवळच्या पवईतील आयआयटी मुंबई या मंचावर अभ्यासक्रम देणाऱ्या ‘एनपीटेल’ या उपक्रमाच्या संस्थापक संस्थांपैकी एक आहे. तिथल्या प्राध्यापकांची व्याख्याने फाटकाच्या आत पाऊल न टाकता ऐकता येतात.

पदवीच्या किमतीचा प्रश्न आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केला : मान्यताप्राप्त संस्थेची दूर वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. शिक्षण कोणत्या पद्धतीने घेतले, प्रवेश केव्हा झाला, अभ्यासक्रम केव्हा पूर्ण झाला आणि परीक्षा कोणत्या केंद्रावर दिली, हे गुणपत्रिकेच्या व पदवीच्या मागच्या बाजूस छापण्याचे बंधन मात्र विद्यापीठावर आहे. नोकरीच्या पडताळणीत हीच बाजू तपासली जाते. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत आपले विद्यापीठ, आपला अभ्यासक्रम आणि आपले सत्र, तिन्ही आहेत की नाहीत, हे वाचकांनी स्वतः पाहून घ्यावे.