घरातले गुपित आणि सूडाची कथा

रहस्यकथेचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतील. पहिल्या प्रकारात गुन्हा बाहेरून घरात शिरतो; तिजोरी फुटते, खून पडतो आणि चतुर शोधक गुन्हेगाराला हुडकून काढतो. मराठीत हा प्रकार बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) घरोघरी नेला. हजाराहून अधिक छोटेखानी पुस्तकांतून त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक वाचकांच्या नित्य परिचयाचे झाले. दुसऱ्या प्रकारात गुन्हा आधीपासूनच घरात नांदत असतो. घरातील एकदोघांना तो ठाऊक असतो, परंतु त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. येथे शोध घ्यावयाचा असतो तो या मौनाचा: कोणाला ठाऊक होते, केव्हापासून, आणि तो गप्प का राहिला? मानसिक रहस्यकथा ती हीच.

तिचे बीज आपल्याकडे फार जुने आहे. महाभारतात कुंती कर्णाच्या जन्माचे गुपित जपते. श्रोत्याला ते प्रथमपासून माहीत असते. युधिष्ठिरादी पांडवांना मात्र ते युद्ध संपल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी कळते. ज्याला शत्रू समजून मारले तो आपला थोरला भाऊ होता, हे उमगताच युधिष्ठिर आईच्या मौनाला दोष देतो आणि यापुढे स्त्रियांच्या मनात गुपित राहणार नाही असा शाप देतो. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीत ही कथा कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली. गुपित प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असूनही तो पुस्तक खाली ठेवत नाही. उत्कंठा टिकवण्यासाठी वाचकाला अंधारात ठेवलेच पाहिजे असे नाही, हा यातला धडा होय. वाचकाला माहीत आहे आणि पात्राला नाही, या अंतरातूनही ताण निर्माण होतो. म्हणून असे कथानक रचणाऱ्याने आरंभीच एक तक्ता करावा: कोणत्या पात्राला काय ठाऊक आहे, ते त्याला कधी कळले, आणि लपवून ठेवण्यात त्याचा कोणता लाभ अथवा कोणती भीती आहे. या तक्त्यात एकही घर रिकामे राहिले, तर शेवटचा उलगडा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

गुपित सांभाळले जाते ते बहुधा इस्टेट, अब्रू किंवा माया यांपैकी एखाद्या कारणाने. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. ते रहस्यनाट्य नव्हे; परंतु कौटुंबिक सूडाची रचना शिकावी ती त्याच्यापासून. या नाटकातील पित्याने सख्ख्या भावाला लुबाडून संपत्ती मिळवलेली आहे. तोच न्याय त्याची मुले त्याला लावतात आणि पुढे एकमेकांवरही उलटतात. त्याच घराच्या आवारात राहणारा अनौरस मुलगा हे सारे पाहत असतो. बाहेरचा शत्रू येथे एकही नाही. पहिला अन्याय घरच्या कर्त्या माणसाने केला आणि पुढच्या पिढीने तो गिरवला, एवढ्यावरच नाटक उभे राहते.

सुडाचा हिशेब मात्र फार जपून मांडावा लागतो. मूळ अन्याय मोघम असेल तर सूड घेणारा वेडसर भासतो. अन्याय स्पष्ट दिसला, तर वाचक नकळत त्याच्या बाजूला जातो आणि मग त्याच्या कृत्याने हादरतो. या हादऱ्यामागे कधीकधी खरीखुरी वेदना असते. १९४५ च्या जानेवारीत इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एका शेतघरी डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा छळाने मरण पावला. सरकारी यंत्रणेनेच त्याला त्या घरी सांभाळण्यासाठी ठेवले होते. चौकशी झाली, आणि अनाथ व निराधार मुलांच्या संगोपनाविषयी १९४८ साली तेथे जो कायदा झाला त्यामागे या प्रकरणाने उसळलेला लोकक्षोभही होता. अगाथा ख्रिस्ती यांनी याच घटनेचा धागा घेऊन १९४७ मध्ये एक नभोनाट्य लिहिले. त्यातूनच १९५२ साली लंडनमध्ये ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक उभे राहिले. लहानपणी छळ सोसलेल्यांचा सूड हा त्याचा गाभा आहे. एकाच घटनेतून कायदा निघाला आणि करमणूकही निघाली. करमणूक वाईट नव्हे. परंतु प्रेक्षक घरी जाताना ‘खुनी कोण’ एवढेच आठवत असेल आणि ते मूल विसरला असेल, तर लेखकाच्या हातून काही निसटले असे म्हणावे लागेल.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांचे सामर्थ्य येथे ध्यानी येते. त्यांतील भीती पडक्या वाड्याची वाट पाहत नाही. ती मध्यमवर्गीय बिऱ्हाडात, रोजच्या बोलण्यातून, एखाद्या एकाकी मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या मनातून हळूहळू वर येते. भाषा साधी, तपशील ओळखीचे, आणि त्यांत कोठेतरी एक खटकणारी गोष्ट. शेवट कळल्यावर वाचकाने मागची पाने उलटावीत आणि ती खूण तेथे होतीच, आपल्याच नजरेतून सुटली, असे त्याला वाटावे, हीच या लेखनातील सचोटीची कसोटी.

आता प्रसाराविषयी. या पुस्तकांच्या जाहिरातीत एक मूलभूत अडचण असते: ज्या गोष्टीमुळे ते वाचावेसे वाटेल, तीच सांगता येत नाही. ‘द माऊसट्रॅप’च्या मंडळींनी या अडचणीचेच साधन केले. गुपित बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रयोगाअखेर प्रेक्षकांना करण्यात येऊ लागली आणि प्रत्येक प्रेक्षक त्या कटात सामील झाला. हिचकॉक यांनी ‘सायको’ (१९६०) या चित्रपटास उशिरा येणाऱ्यांना प्रवेश नाकारून हाच परिणाम साधला. ‘गिधाडे’च्या बाबतीत परिनिरीक्षण मंडळाने पातळावरील रक्ताच्या लाल डागाला आक्षेप घेतला, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना आधीच सांगण्यात आले. झाकलेल्या गोष्टीकडे लक्ष अधिक जाते, याचा असा दुसरा दाखला क्वचितच सापडेल.

मराठी प्रकाशकांनी स्वस्त किंमत, भडक मुखपृष्ठ आणि फिरती वाचनालये यांच्या बळावर रहस्यकथा खपवली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुत व गूढ कथांना हक्काची जागा दिली. कौटुंबिक रहस्यकथेला मात्र भडक मुखपृष्ठ मानवत नाही, कारण रक्ताळलेला सुरा दाखवला की वाचक सुऱ्याचीच वाट पाहत बसतो. मलपृष्ठावरील मजकुरात घर कोणते, माणसे कोण आणि कोणता प्रश्न तेथे विचारायचा नाही, एवढेच सांगावे. उत्तराची चाहूलही देऊ नये. उरलेले काम वाचकांवर सोपवावे. ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली आला. नारायण धारपांच्या कथेतून त्याला प्रेरणा मिळाली होती, आणि बापाचा लोभ मुलाच्या वाट्याला कसा येतो हे त्यात दाखवले होते. प्रथम प्रदर्शनात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पण पाहणारे इतरांना सांगत राहिले, आणि २०२४ साली तो पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई झाली. ‘शेवट सांगत नाही, पण पाहाच’ ही एका माणसाने दुसऱ्याला केलेली शिफारस कोणत्याही जाहिरातीपेक्षा दूर जाते. ती मिळते ती मात्र एकाच अटीवर: सांगणाऱ्याला शेवटी आपण फसवले गेलो असे वाटता कामा नये.