कॅमोमाइल तेल विकायचंय? आधी आपल्या तिखाडीकडे बघा

मागच्या व्हिडिओनंतर धुळ्याच्या एका ताईंनी विचारलं, "दादा, मी घरी साबण बनवते. कॅमोमाइल ऑइल टाकू का?" उत्तर लांब आहे, म्हणून इथे लिहितोय.

कॅमोमाइल हे शेवंतीच्या कुळातलं छोटं पांढरं फूल. तेल दोन प्रकारचं. जर्मन गडद निळं असतं. तो निळा रंग फुलात नसतो, वाफेवर तेल काढताना तयार होतो. रोमन फिकट, वास सफरचंदासारखा. त्वचेला शांत वाटावं म्हणून क्रीम, साबण, मसाज तेलात वापरतात. सुक्या फुलांत तेल जेमतेम १ टक्का, म्हणून महाग.

इथेच मी फसलो. दुकान नवीन होतं, ऑनलाइन 'जर्मन कॅमोमाइल' स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. बाटली उघडली तर पाण्यासारखं पांढरं! मला तेव्हा कळलंच नाही. एका जुन्या गिऱ्हाईकाने साबण परत आणून दिला, तेव्हा डोळे उघडले. म्हणून सांगतो, बॅचचा जीसी रिपोर्ट मागा. देत नसेल तर घेऊ नका.

आता घरचं बघा. पिंपळनेर, नंदुरबारकडच्या डोंगरात रोशा गवत उगवतं, म्हणजे आपली तिखाडी. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही या तेलाची नोंद आहे. ते मुंबईमार्गे तुर्कस्तानला जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून खपायचं! माल आपला, नाव दुसऱ्याचं. कारण त्यातलं जेरॅनिऑल, वास थेट गुलाबाकडे जाणारा. आज बाजारात हेच 'पामारोजा' म्हणून मिळतं, कॅमोमाइलपेक्षा खूप स्वस्त, आणि साबणात वास छान टिकतो.

ताई, तुम्ही पामारोजाने सुरुवात करा. अंगाला लावून ठेवायच्या तेलात १०० मिलीला १ मिली पुरे. आधी हातावर थोडं लावून एक दिवस थांबा, जेरॅनिऑल काहींना खाजतं. आणि गाजरगवताची ॲलर्जी असलेल्याला कॅमोमाइल देऊच नका, दोघांचं कूळ एकच.

लेबलवर 'एक्झिमा बरा होतो' असलं काही लिहू नका. १९५४ चा जादुई उपचार कायदा अशाच जाहिरातींसाठी आहे. शिवाय साबण, क्रीम बनवून विकायला एफडीएचं कॉस्मेटिक लायसन्स लागतं, घरून केलं तरी. त्याचा फॉर्म कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.