माशाची ऊ

जळगाव व धुळे जिल्ह्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणलेल्या शेततळ्यांत काही शेतकरी रोहू, कटला हे मासेही पाळतात. माशाची ऊ ही या माशांची मोठी वैरीण होय. शास्त्रज्ञ तिला आर्ग्युलस म्हणतात. हा ५ ते १० मिलिमीटर लांबीचा चपटा जीव वाटीसारख्या दोन अवयवांनी माशास चिकटतो व रक्त शोषतो. मासा काठाशी अंग घासतो, जखमा चिघळतात आणि पुष्कळदा तो मरतो.

केवळ माशावरील उवा मारून भागत नाही. कारण मादी मासा सोडून दगड-लाकडांवर अंडी घालते. म्हणून तळ्यात बांबू तरंगत ठेवावेत. दर आठवड्यास ते बाहेर काढून खानदेशच्या कडक उन्हात वाळवावेत, म्हणजे अंडी सुकून नष्ट होतात. रोगाचे मूळ शोधल्यावाचून उपाय फळास येत नाही.